करंगळीएवढी जळकी रेघ

आवक शाखेच्या वरिष्ठ लिपिकांना सगळं कार्यालय पाठीमागे 'काटकोन' म्हणायचं आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. माणसाला नाव ठेवायचंच तर ते असं नेमकं ठेवावं, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या टेबलावरची आवक नोंदवही टेबलाच्या कडेला समांतर असायची, शाईचा पॅड नोंदवहीला समांतर, शिक्के उंचीप्रमाणे उभे आणि डबीतल्या टाचण्यांची डोकी सगळी एका बाजूला. फडकं मारताना कुणी नोंदवही सरकवलीच तर ती पुन्हा नेमकी जागेवर यावी म्हणून टेबलाच्या फळीवर त्यांनी पेन्सिलीनं चार बारीक खुणा करून ठेवल्या होत्या. हे सगळं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे रामायण घडलं ते या चार खुणांमुळे घडलं. नोंदवही रोज इकडेतिकडे पडलेली असती तर काहीसुद्धा झालं नसतं. गबाळ्या माणसाच्या वाट्याला असली संकटं येत नाहीत.

सुरुवात एका वेलापासून झाली. "दिवसभर नुसते कागद बघता," बायको म्हणाली, "एक हिरवं काहीतरी ठेवा नजरेसमोर." आणि तिनं मनी प्लांटची एक लांब कांडी पाण्यात घालून त्यांच्या हातात दिली. कांडी होती काचेच्या एका गोल बरणीत. त्या बरणीत पूर्वी दोन मासे राहायचे. त्यांचं पुढे काय झालं हा विषय घरात कुणी काढत नसे. काटकोनांनी ती बरणी पोटाशी धरून, पाणी हिंदकळू न देता, बसमधून उभ्यानं कार्यालयात नेली. खिडकीचा कट्टा त्यांच्या टेबलाला लागूनच होता. पट्टीनं मोजून त्यांनी खिडकीचा मध्य काढला, बरणी तिथे ठेवली, काठोकाठ पाणी भरलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

अधीक्षकबाई फेरीवर आल्या तेव्हा बरणीपाशी थांबल्या.

"कुंडी ठेवायची परवानगी घेतलीत का?"

"कुंडी नाही मॅडम, बरणी आहे. माती नाही तिच्यात."

अधीक्षकबाईंनी क्षणभर विचार केला. बरणीबद्दल परिपत्रक नव्हतं. "बरं," म्हणून त्या पुढे गेल्या.

पहिले आठ दिवस ढगाळ होते, सुखाचे गेले. नवव्या दिवशी दुपारी काटकोन चहा पिऊन सव्वातीनला जागेवर आले, तर हवेत जळका वास. नोंदवहीच्या काळ्या कापडी पुठ्ठ्यावर एक रेघ उमटलेली. दोऱ्याइतकी बारीक, करंगळीएवढी लांब, तपकिरी, मधे थोडी तुटलेली. पुठ्ठा जळून आतल्या दोन पानांपर्यंत डाग गेला होता. काटकोनांना पहिला धक्का बसला तो जळण्याचा नाही. रेघ तिरपी होती. टेबलावरच्या कुठल्याही गोष्टीला ती समांतर नव्हती.

दुसरा धक्का त्यांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला होता. अधीक्षकबाईंचं नाक तीन खोल्यांपलीकडचा वास पकडायचं.

"काटकोन," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर म्हणाल्या, "सिगारेट?"

"मी? मॅडम, मी एकवीस वर्षांपूर्वी सोडली."

"म्हणजे आधी ओढत होतात."

हे खरं होतं, आणि जुन्या लोकांना आठवतही होतं. एके काळी काटकोन धुराची वर्तुळं सोडायचे. म्हाताऱ्या शिपायानं तर मायेनं सांगून टाकलं, "काय वर्तुळं असायची बाईसाहेब! एकात एक अशी तीन!" या साक्षीनं व्हायचं ते नुकसान झालं.

"मॅडम, सिगारेटचा डाग गोल पडतो," काटकोन म्हणाले. "ही रेघ आहे."

"टेकवून ओढलीत पुठ्ठ्यावरून."

"आणि मधे तुटलीय ती?"

"तिथे उचलून झुरका घेतलात," अधीक्षकबाई म्हणाल्या. या तर्काला कार्यालयात दाद मिळाली.

संध्याकाळपर्यंत 'कारणे दाखवा' नोटीस हातात पडली. पण अधीक्षकबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी काटकोनांना आत बोलावून समजुतीनं सांगितलं, "दोन ओळी लिहून द्या. एकदा चुकून ओढली, पुन्हा ओढणार नाही. ताकीद देते आणि प्रकरण इथेच मिटवते. नाहीतर वरून चौकशी लागेल, ती मला नको आणि तुम्हालाही नको."

दोन ओळी! काटकोनांनी नोकरीत लाखभर ओळी लिहिल्या असतील, पण या दोन त्यांच्या हातून उतरेनात. त्याचं कारण घरी होतं. एकवीस वर्षांपूर्वी एका सकाळी खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा बायकोनं पाठ चोळता चोळता एवढंच म्हटलं होतं की मला हे बघवत नाही. त्यांनी तिच्यादेखत पाकीट चुरगळून कचऱ्यात टाकलं होतं आणि त्यानंतर एक झुरकासुद्धा घेतला नव्हता. लग्नानंतर त्यांनी बायकोला बरीच वचनं दिली होती. गळका नळ, गच्चीवरची दोरी, तिच्या मावसबहिणीकडे एकदा जाऊन येणं. सगळं मिळून पाळलेलं वचन हे एकच. तेच आता स्वतःच्या सहीनं खोटं ठरवायचं? शिवाय कागद आस्थापना शाखेत जाणार, आणि आस्थापना शाखेतला लिपिक त्यांच्या घराच्या अगदी समोरच्या दारात राहायचा. त्याच्या पोटात गोष्ट राहिली तर त्याला अपचन व्हायचं.

त्या दिवशीही तो काटकोनांच्या आधी घरी पोचला होता. काटकोन जिना चढून वर आले तेव्हा तो त्यांच्याच दारातून बाहेर पडत होता आणि चेहऱ्यावर सुतक होतं.

"वहिनींना कल्पना दिलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "एकदम बसायला नको धक्का."

काटकोन आत गेले. बायको भाजी चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मी ओढली नाही," ते म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली.

एवढंच. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं, रडली असती तर समजूत काढता आली असती. 'बरं' म्हटल्यावर काटकोन शर्ट बदलायला गेले. जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला, तर ती म्हणाली, "मीठ जास्त झालंय का?" बत्तीस वर्षांच्या संसारात मिठाची चौकशी तिनं कधी केली नव्हती. काटकोनांनी मनाशी ठरवलं की हिचा विश्वास उडाला.

मग शेजारी मदतीला आले. कुणाच्या घरी संकट आलं की त्या इमारतीत दारांना कड्या राहायच्या नाहीत. समोरचा आस्थापना लिपिक म्हणाला, "सही ठोकून मोकळे व्हा. ताकीद म्हणजे सर्दीसारखी. येते, जाते." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हा मुंग्यांचा उद्योग असल्याचं छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्याकडे मुंग्यांनी एक अख्खी गादी जाळली होती. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं काटकोनांचा चष्मा काढून घेतला, उजेडाकडे धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "टेबलावर काढून ठेवता ना? मग यानंच जाळलं. भिंग आहे शेवटी." काटकोन पुढचे दोन ढगाळ दिवस स्वतःच्या चष्म्याकडे संशयानं पाहत राहिले आणि चहाला जाताना तो खिशात घालून, भिंतीला धरून धरून गेले.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चहा सोडला. जे काही होतं ते तीनच्या सुमाराला होतं, तेव्हा पहारा द्यायचा. नोंदवही नेहमीच्या चार खुणांमध्ये ठेवून, तिच्यावर हात पसरून ते बसले. तीनला पाच मिनिटं असताना उन्हाची तिरीप खिडकीत आली. तीन वाजले, आणि हाताच्या पाठीवर सणसणीत चटका बसला.

काटकोनांनी हात झटकला नाही. आधी पाहिलं. हातावर टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा, बघवणार नाही इतका लखलखीत ठिपका बसला होता. मग हात झटकला. ठिपका नोंदवहीवर उतरला आणि धुराची एक बारीक शेंडी वर निघाली. त्यांनी बरणीपुढे तळवा धरला, ठिपका नाहीसा. तळवा काढला, ठिपका हजर.

"सापडला!" काटकोन ओरडले. शिपाई झाडू घेऊन धावत आला. त्याला उंदीर वाटला होता.

पण खरी गंमत पुढेच झाली. ऊन ढगाआड गेलं आणि ठिपका विझला. तो नेमका कुठे होता ते पाहावं म्हणून काटकोनांनी बरणीच्या मागे एक कोरा कागद उभा धरला. कागदावर त्यांची खिडकी दिसत होती. गज, बाहेरचं झाड, समोरची भिंत, सगळं रंगीत, नखाएवढं आणि उलटं. झाडाचा शेंडा खाली, आभाळ त्याच्याही खाली. आणि त्या उलट्या जगात बाहेरच्या व्हरांड्यातून अधीक्षकबाई डोकं खाली, पाय वर अशा तरातरा चालत गेल्या. काटकोनांना कितीतरी दिवसांनी हसू आलं.

संध्याकाळी ते तळमजल्यावरच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. बाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण अर्ध्या गल्लीला त्यांनी दहावीत शिकवलं होतं आणि त्या अर्ध्या गल्लीत काटकोनही होते.

"तुला काय सांगायचं?" बाई म्हणाल्या. "भिंगाच्या आकृत्या वर्गात तुझ्याइतक्या सुबक कुणाच्या नव्हत्या. बाणसुद्धा पट्टीनं काढायचास. डोक्यात मात्र काही शिरलं नव्हतं, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. पाण्यानं भरलेली गोल बरणी म्हणजे काय रे?"

"बरणी."

"भिंग! पोट फुगलेलं भिंग." बाईंनी पाण्याचा तांब्या बाजूला सारून टेबलावर बोटानं ओल्या रेघा काढायला सुरुवात केली. "झाडाचा शेंडा घे. त्याच्यावरून उजेड सगळीकडे उधळतो. त्यातला जेवढा बरणीवर पडला तेवढा बरणी वळवते आणि पलीकडे परत एका ठिकाणी गोळा करते. शेंड्याचा उजेड येतो वरून, म्हणून जाऊन जमतो खाली. बुंध्याचा येतो खालून, तो जमतो वर. अशा सगळ्या जागा परत जमल्या की झालं चित्र. उलटं. कागद धरलास म्हणून दिसलं. नाहीतर ते तिथे रोज पडतच होतं."

"आणि तो ठिपका?"

"तेही चित्रच. सूर्याचं. एवढा मोठा सूर्य, पण फार लांब ना, म्हणून त्याचं चित्र टाचणीच्या डोक्याएवढं. फरक इतकाच की झाडाच्या चित्रानं कुणाची नोंदवही जळत नाही."

"मग ती रेघ का झाली, बाई?"

"सूर्य एका जागी बसतो का तुझ्यासारखा? तो सरकला, चित्र सरकलं. आणि मधे तुटलीय तिथे ढग आला असणार. अरे, वेधशाळेत काचेचा गोळा ठेवतात आणि त्याच्यामागे पुठ्ठा. पुठ्ठ्यावर जेवढी रेघ जळली तेवढा वेळ ऊन पडलं, असं मोजतात. तू फुकट वेधशाळा चालवत होतास."

चष्म्याची शंका काटकोनांनी काढलीच. बाईंनी चष्मा डोळ्यांपुढे धरला. "लांबचं दिसत नाही तुला. ही काच मधे बारीक. ही उजेड गोळा करत नाही, पसरवते. हिच्यानं जन्मात काही पेटायचं नाही. चष्मेवाल्यालाही मीच शिकवलं होतं," त्या खेदानं म्हणाल्या.

काटकोनांनी दोन दिवस बसून अकरा पानी खुलासा लिहिला. सोबत तीन रंगांत किरणांची आकृती जोडली. बाण अर्थातच पट्टीनं. खुलाशाचा परिणाम विलक्षण झाला. आतापर्यंत त्यांच्यावर एकच आरोप होता, आता दोन झाले. धूम्रपानाचा होताच. त्यात 'स्वतःच्या कबुलीनुसार ज्वलनास कारणीभूत होणारी वस्तू विनापरवाना कार्यालयात बाळगणे व खाजगीरीत्या वेधशाळा चालवणे' याची भर पडली. वेधशाळेचं वाक्य घालू नका, असं बायको म्हणाली होती. तिनं खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचून एवढीच सूचना केली होती. खरं खोटं याबद्दल अवाक्षर नाही.

पुरावा म्हणून बरणी वेलासकट जप्त झाली. तिला कापड गुंडाळून, लाखेचं सील ठोकून दप्तरखान्याच्या कपाटात ठेवलं गेलं. काटकोनांनी वेलासाठी उजेड मिळावा असा विनंतीअर्ज केला, तो 'प्रकरण चौकशीधीन' म्हणून परत आला. मुख्य कार्यालयातून चौकशी अधिकारी यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काटकोन वाळले. दुपारचा डबा अर्धा परत जायला लागला. रोज संध्याकाळी घरी येऊन शर्ट बदलताना ते बायकोकडे चोरून बघत आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते शोधत. कळत काही नव्हतं.

चौकशीच्या दिवशी अधिकारी अडीचला आले. थकलेला, सभ्य माणूस होता. परतीची गाडी साडेचारची होती आणि हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं. जबाब लिहून घ्यायला आस्थापना लिपिक बसला, कारण त्याचं अक्षर बरं होतं आणि तो तसाही सगळं ऐकणारच होता. विज्ञानाच्या बाई तज्ज्ञ म्हणून काठी टेकत आल्या. नोंदवही चार खुणांमध्ये ठेवली गेली. सील फोडलं, कापड सोडलं. वेल पिवळा पडला होता आणि बरणीतलं पाणी चांगलं चार बोटं उतरलं होतं.

"हे चालायचं नाही," बाई म्हणाल्या. "पाणी नाही तिथे भिंग नाही. वरपर्यंत भरा."

"पुराव्यात भर घालता येणार नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या.

"अहो, पाणी आहे ते!"

"पाणी असलं म्हणून काय झालं? पुराव्यातलं पाणी आहे."

दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, त्यामुळे दहा मिनिटं गेली. शेवटी अधिकाऱ्यांनी तोडगा काढला आणि पाण्याचा पंचनामा झाला. 'एक तांब्या, स्वच्छ, रंगहीन, पंचांनी वास घेऊन खात्री केलेले.' शिपायानं पंच म्हणून अंगठ्याशेजारी सहीसुद्धा केली. बरणी भरली, कट्ट्यावर ठेवली, तीनला दहा कमी होते, आणि आभाळ भरून आलं.

तीन वाजले, सव्वातीन झाले. सगळे खिडकीकडे बघत बसले होते आणि काटकोन देवाला न घालता येणाऱ्या अटी घालत होते. वेळ घालवायचा म्हणून बाईंनी कागद धरून उलटं चित्र दाखवलं. अधिकारी खुर्ची सोडून आले. मग त्यांना स्वतःला उलटं बघायचं होतं, पण कागदाजवळ राहून आपण आपल्याला दिसत नाही, म्हणून शिपायाला व्हरांड्यात उभं केलं. शिपाई उलटा दिसल्यावर आस्थापना लिपिक जाऊन आला. अधीक्षकबाईंनी आधी नको नको केलं आणि मग पदर सावरून त्याही बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. अर्धं कार्यालय व्हरांड्यात रांगेत होतं. त्या तीन आठवड्यांत काटकोनांच्या टेबलाभोवती पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. "चित्र छानच आहे. पण बाई, यानं काही जळत नाही. मला जळलेलं दाखवायला हवं."

"ऊन मी कुठून आणू?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज पडला.

एवढ्यात दारात काटकोनांची बायको उभी राहिली. हातात डबा होता. तो काटकोन सकाळी घरीच विसरले होते. सगळ्यांना बघून ती मागे वळणार, तोच आस्थापना लिपिक म्हणाला, "या ना वहिनी!" आणि अधिकाऱ्यांकडे वळून, "साहेब, यांच्या मिसेस."

अधिकाऱ्यांना गाडी दिसत होती. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "बसा. एकच विचारतो. तुमचे मिस्टर सिगारेट ओढतात का?"

"नाही."

"नक्की सांगता येईल? दिवसभर ते बाहेर असतात."

"नक्की," बायको म्हणाली. "मी रोज बघते ना."

"काय बघता?"

ती डबा मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "संध्याकाळी ते शर्ट काढतात. बादलीत टाकण्याआधी मी वास घेते. कॉलर, खिसा आणि बाह्या. रुमालाचा पण."

"रोज?"

"रोज. सोडल्या दिवसापासून. एकवीस वर्षं झाली. त्या दिवशीसुद्धा घेतला. नव्हता वास."

आस्थापना लिपिकाची लेखणी तेवढी कुरकुरत होती. अधिकाऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. असला भक्कम पुरावा त्यांना सबंध नोकरीत मिळाला नव्हता. अधीक्षकबाईंनीही मान हलवली. नाकाचा शब्द त्यांना लगेच पटला. सुटले होते काटकोन. पण काटकोनांचं तिकडे लक्षच नव्हतं. एकवीस वर्षं! ज्या एका वचनावर आपण मनातल्या मनात ताठ मानेनं जगलो, त्याची रोज संध्याकाळी बादलीपाशी तपासणी होत होती. चौकशी तीन आठवड्यांची नव्हतीच. त्यांना इतकं वाईट 'कारणे दाखवा' मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"वहिनी, इथे सही," आस्थापना लिपिक म्हणाला, आणि जबाबाचा कागद सहीसाठी त्यानं हाताशी असलेल्या नोंदवहीवर ठेवला.

बायकोनं पेन उचललं आणि त्याच क्षणी ऊन पडलं.

ठिपका नेमका 'वास' या शब्दावर बसला होता. शाई तपकिरी झाली, कागदाला भोक पडलं, भोकाची कड लाल होऊन सरकायला लागली आणि धुराची शेंडी वर निघाली. "जळतंय! जळतंय!" बाई काठी आपटत आनंदानं ओरडल्या. "बघा! हा सूर्य! हाच तो!" अधिकारी उभे राहून वाकून बघत होते. शिपायानं पुढे होऊन तळहातानं कागद विझवला. त्याखाली नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर, पहिल्या रेघेशेजारी, दुसरी रेघ उमटायला लागली होती.

अहवालात पुढे असं आलं की सदर नोंदवही सूर्यामुळे जळाली असून सूर्य या कार्यालयाच्या अधिपत्याखाली येत नसल्याने कारवाई प्रस्तावित नाही; यापुढे बरण्या अपारदर्शक असाव्यात. पण तो यायला महिना लागला. त्या दुपारी अधिकारी एवढंच म्हणाले, "छान. दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं. फक्त भोक पडलेला जबाब फायलीला लावता येत नाही. तुमचा जबाब तेवढा पुन्हा सांगा."

आस्थापना लिपिकानं नवा कागद घेतला, आणि या वेळी तो बरणीपासून लांब, मांडीवर ठेवला. अधिकारी आता घाईत नव्हते. हातचं प्रकरण मिटल्यामुळे त्यांना आता जरा कुतूहलही वाटत होतं. "म्हणजे एकवीस वर्षं तुम्हाला संशय होता?"

"संशय?" बायको म्हणाली. "संशय पहिल्या सहा महिन्यांत गेला."

"मग रोज वास कशाला?"

ती नवऱ्याकडे न बघता बोलली. खोलीतल्या इतर कुणाकडेही न बघता, डब्याच्या झाकणाकडे बघत बोलली.

"हे घरी येऊन काही सांगत नाहीत हो. विचारलं तर म्हणतात, सगळं ठीक. शर्टावरून कळतं मला. बस मिळाली की चालत आले, कुणाशी वाजलं का, दमलेत का. मग मी त्याप्रमाणे वागते. गेले तीन आठवडे शर्टाला नुसता भीतीचा वास येतोय. डबा काय, कुणाच्याही हाती पाठवता आला असता. मीच आले."

अधीक्षकबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आस्थापना लिपिकानं लेखणी वर उचलली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "साहेब, भीतीचा वास... हे असंच लिहू?"

"असंच लिहा," अधिकारी म्हणाले.

बायकोनं सही केली. काटकोन उठले. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "चल. बाहेर बसून दोघं मिळून खाऊ."

नोंदवही टेबलावर वाकडी पडली होती. ते तिच्याशेजारून गेले. रजेचा अर्ज नाही, हालचाल वहीत नोंद नाही, भर कामाच्या वेळात काटकोन बायकोबरोबर दाराबाहेर पडले. अधीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. मग त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.